थंडी सरली म्हणून कॅरिबू सरला?

कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतात जंगलात राहणारा कॅरिबू, म्हणजे हरणाच्या कुळातलं रेनडिअर, सलगपणे कुठवर आढळतो, ती दक्षिण हद्द १८८० सालची एक आणि १९९० सालची एक अशा दोन रेघांनी नकाशावर काढली, तर रेघ दर दशकाला सरासरी ३४ किलोमीटर उत्तरेला सरकलेली दिसते. ११० वर्षांत पावणेचारशे किलोमीटर, म्हणजे मुंबईहून कोल्हापूर गाठावं इतकं. प्रांतातला त्याचा निम्मा मुलूख या काळात गेला. थंडीतला प्राणी, तापती पृथ्वी आणि उत्तरेला सरकणारी रेघ, एवढं समोर आलं की उत्तर तयारच असतं: हवामान बदललं, प्राणी मागे हटला. बातम्यांत, चर्चांत आणि कधीकधी धोरणांच्या प्रस्तावनांतही हे उत्तर भेटतं. त्यात तथ्य आहे, म्हणूनच ते खोडायला अवघड जातं.

पण रेघ सरकायला लागली ती तापमानवाढीची चर्चा सुरू होण्याच्या कितीतरी आधी. आणि ती थर्मामीटरपेक्षा कुऱ्हाडीच्या मागे चालते. २००७ मध्ये ओंटारिओतल्याच एका अभ्यासाने कॅरिबू नाहीसा झालेल्या जागा आणि जंगलतोडीचे पट्टे एकमेकांवर ठेवून पाहिले. तोडीपासून साधारण १३ किलोमीटरच्या आत कॅरिबू टिकत नाही, असं निघालं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे, तोड झाल्यावर तो लगेच जात नाही, सुमारे वीस वर्षांनी जातो. ही वीस वर्षांची फट सगळ्या गैरसमजाचं मूळ आहे. झाडं पडतात एका पिढीत, कळप संपतो पुढच्या पिढीत. मधल्या काळात दोन-चार हिवाळे सौम्य गेलेले असतात आणि दोष त्यांच्या माथी बसतो.

या लेखाचं म्हणणं सरळ आहे. कॅरिबूच्या मुलखाची बाहेरची हद्द हवामान आखतं. हद्दीच्या आत तो जगतो की मरतो, हे जंगलाची मोडतोड किती झाली त्यावर ठरतं. हवामानाचा मुद्दा खरा मानूनही जमिनीवरचं काम पुढे ढकलायला त्याचा आधार घेता येत नाही. उलट हवामान बिघडत असेल तर ते काम आजच करायला हवं.

कॅरिबू म्हटलं की टुंड्रावरून हजारोंनी वाहत जाणारे कळप डोळ्यांसमोर येतात. ते वेगळे. इथे बोलतो आहोत ते बोरिअल, म्हणजे उत्तरेच्या सूचिपर्णी जंगलात बारा महिने राहणाऱ्या कॅरिबूबद्दल. नॉर्थवेस्ट टेरिटरीजपासून लॅब्राडोरपर्यंत त्याची ५१ वावरक्षेत्रं केंद्र सरकारने २०१२ च्या पुनरुज्जीवन धोरणात नोंदवली आणि एकूण संख्या ३४ हजारांच्या आसपास धरली. त्या वेळी ५१ पैकी १४ कळपच स्वतःच्या बळावर टिकतील असे होते. दाटी किती, तर १०० चौरस किलोमीटरमागे एक ते तीन जनावरं. बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यान साधारण तेवढंच आहे. सगळ्या उद्यानात मिळून दोन-तीन हरणं, असं चित्र मनात आणा.

इतकं विरळ राहणं हीच त्याची युद्धनीती आहे. मूस (हरणाच्या कुळातलाच थोराड प्राणी) किंवा पांढऱ्या शेपटीचं हरीण जिथे पोट भरू शकत नाही, तिथे कॅरिबू राहतो: जुनं ब्लॅक स्प्रूस, जॅक पाइनची वाळूवरची राई, पीटच्या, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या थराच्या, दलदली. तिथे हिवाळ्यात मिळतं ते लायकेन. आपल्या गोड्या मसाल्यातलं दगडफूल हे त्याचंच भाऊबंद. कॅरिबू जे खातो ते क्लॅडोनिया जातीचं, जमिनीवर फिकट राखी फेसासारखं पसरणारं. त्यात पिष्टमय ऊर्जा भरपूर, प्रथिनं नावापुरती. वर्षाला काही मिलिमीटर वाढतं. एकदा जळलं वा यंत्राखाली चिरडलं, की चरण्याजोगा थर परत यायला ४० वर्षं कमीच, बहुतेक ठिकाणी त्याहून जास्त. ते मिळवायला कॅरिबू रुंद खुरांनी बर्फ उकरतो. ‘कॅरिबू’ हे नावच मिक्मॉ भाषेतल्या ‘उकरणारा’ या अर्थाच्या शब्दावरून आलं आहे. (कॅनडाच्या २५ सेंटच्या नाण्यावर १९३७ पासून त्याचंच डोकं आहे, त्यामुळे टोरंटो-कॅल्गरीतल्या मराठी घरांच्या खिशातही तो खुळखुळत असतो.) गरीब, ओली, कंटाळवाणी वाटणारी जमीन ही त्याची तटबंदी. तिथे दुसरं खूरवालं जनावर नाही, म्हणून लांडग्याला फिरकण्यात फायदा नाही.

पुनरुत्पादन मात्र फार धिमं. मादी बहुधा तिसऱ्या वर्षी पहिल्यांदा विते, वर्षाला एकच पिल्लू, जुळं जवळजवळ कधीच नाही. मूसला जुळी नेहमीची. मे-जूनमध्ये कॅरिबूची मादी कळप सोडून एकटीच दलदलीतल्या उंचवट्यावर किंवा तळ्यातल्या बेटावर जाऊन विते. शंभर माद्यांमागे नव्वदच्या आसपास पिल्लं जन्मतात आणि त्यांतली निम्मी बऱ्याच कळपांत पहिल्या महिन्यातच जातात, लांडग्याच्या आणि अस्वलाच्या तोंडी. आता हिशेब पाहा. वर्षाला शंभरातल्या पंधरा माद्या मरतात असं धरा. त्यांची जागा भरायला पंधरा माद्या-पिल्लं हवीत, म्हणजे नर धरून तीसच्या आसपास पिल्लांनी पहिला हिवाळा काढायला हवा. म्हणूनच मार्चमध्ये विमानातून होणाऱ्या गणनेत शंभर माद्यांमागे साधारण २९ पिल्लं दिसली तर कळप जागच्या जागी राहतो. वीस दिसली तर तो आटतो आहे, मग बर्फ कितीही छान पडलेला असो.

हवामान याला थेट मारतं का? याचं सगळ्यात बोलकं उत्तर सुपीरियर सरोवरात दोन ठिकाणच्या बेटांवर मिळतं, आणि त्यावर जरा रेंगाळायला हरकत नाही.

स्लेट बेटं मुख्य भूमीपासून दहा-बारा किलोमीटरवर. कॅरिबू तिथे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बर्फावरून चालत पोचले. हा त्याच्या मुलखाचा अगदी दक्षिण काठ. ‘थंडीचा प्राणी’ हा सिद्धांत खरा असता तर इथे त्याची दैना व्हायला हवी होती. कॅरिबूचे अभ्यासक टॉम बर्गेरुड आणि सहकाऱ्यांनी १९७४ पासून जवळपास तीस वर्षं ही बेटं आणि सरोवराच्या किनाऱ्यावरचं पुकास्क्वा राष्ट्रीय उद्यान यांची तुलना केली. हवामान तेच. पुकास्क्वात जमिनीवरचं लायकेन मुबलक, स्लेट बेटांवर ते जवळजवळ नाहीच. तरीही बेटांवरची दाटी उद्यानाच्या शंभरपटीच्या घरात. फरक एकच: बेटांवर लांडगा नव्हता. उद्यानात लांडगा होता आणि त्याला पोसायला मूस होता. बेटांवर मधूनमधून उपासमारीने संख्या कोसळली, पण पुन्हा सावरली. पुकास्क्वा हे संरक्षित उद्यान, तिथे तोड नाही, खाण नाही. तरी तिथला कळप विरत गेला. उद्यानाची हद्द लांडग्याला कळत नाही आणि कॅरिबूच्या हिशेबात ते उद्यान फार छोटं आहे.

दुसरं बेट मिशिपिकोटन. तिथे १९८० च्या दशकात स्लेट बेटांवरून मूठभर कॅरिबू नेऊन सोडले. लांडगे नसल्याने तीस वर्षांत ते काही शेकड्यांवर गेले. मग २०१३-१४ चा हिवाळा आला. कडाक्याचा, जुन्या काळातला शोभेल असा. सरोवर नव्वद टक्क्यांहून जास्त गोठलं आणि बर्फाच्या पुलावरून तीन-चार लांडगे बेटावर आले. चार वर्षांत कळप संपत आला. जानेवारी २०१८ मध्ये उरलेल्या मोजक्या जनावरांना हेलिकॉप्टरने उचलून दुसऱ्या बेटांवर हलवावं लागलं. उबदार हिवाळ्यांनी त्यांना मारलं नव्हतं. कडक हिवाळ्याने मारेकऱ्यांना वाट करून दिली. हवामान इथे आहेच, पण त्याचा घाव लांडग्याच्या दातांतून पडला. जवळपास सगळीकडे असंच घडतं.

मुख्य भूमीवर लांडग्याला वाट करून देण्याचं काम बर्फाचा पूल करत नाही. ते दोन टप्प्यांत होतं. पहिला टप्पा तोडीचा. जुनं स्प्रूस पाडलं की ऊन जमिनीवर पोचतं. विलो, अॅस्पेन, बर्च उगवतात. पाच-दहा वर्षांत ते कोवळं रान मूसचं आणि हरणाचं ताट होतं. शिकार वाढली की लांडगे वाढतात. कॅरिबू त्यांचं मुख्य अन्न नसतोच, येता-जाता सापडणारा घास असतो. आणि नेमकं तेच वाईट. लांडग्याचं पोट फक्त कॅरिबूवर चालत असतं तर कॅरिबू घटल्यावर लांडगेही घटले असते. इथे मूस त्यांना पोसत राहतो आणि शेवटचा कॅरिबूही सुटत नाही.

दुसरा टप्पा वाटांचा. कॅनडाच्या पश्चिमेकडच्या अल्बर्टा प्रांतात तेल आणि वायू शोधताना भूगर्भात कंपनलहरी सोडण्यासाठी जंगलातून सरळसोट पट्टे पाडले गेले. त्यांना सिस्मिक लाइन म्हणतात. जुन्या पट्ट्यांची रुंदी ५ ते ८ मीटर, लांबी क्षितिजापर्यंत. खोल बर्फात, दलदलीत, पडलेल्या खोडांतून लांडग्याला चालायला कष्ट पडतात. पट्ट्यावर तो जंगलातल्यापेक्षा दुपटी-तिपटीने वेगात जातो. दिवसाला जास्त अंतर म्हणजे जास्त गाठीभेटी. आणि पट्टा नेमका जातो त्या दलदलीतूनच, जिथे मादी लपायला आलेली असते. लांडग्यांची संख्या तीच राहिली तरी प्रत्येक लांडगा जास्त प्रभावी होतो. याच कारणाने नुसते लांडगे मोजून काही कळत नाही.

आता वणवा. २०२३ मध्ये कॅनडात दीड कोटी हेक्टरच्या आसपास जंगल जळलं आणि ‘हवामानच कॅरिबूला संपवणार’ हे मत आणखी घट्ट झालं. पण अल्बर्टाशेजारच्या सस्कॅचेवान प्रांतातल्या, उत्तरेकडच्या बोरिअल शील्ड या वावरक्षेत्राचं उदाहरण घ्या. तिथलं निम्म्याहून जास्त रान गेल्या चाळीस वर्षांत जळलेलं. माणसाची मोडतोड मात्र तीनेक टक्के. जळलेलं आणि मोडलेलं रान जितकं जास्त तितका कळप कमजोर, या सरकारी सूत्राप्रमाणे तिथला कळप ढासळलेला असायला हवा होता. पाहणी केल्यावर तो धडधाकट निघाला. म्हणून २०२० च्या सुधारित धोरणात त्या एका क्षेत्रासाठी वेगळी मर्यादा लिहावी लागली: किमान ४० टक्के अधिवास शाबूत आणि माणसाची मोडतोड ५ टक्क्यांच्या आत. त्याच वर्षीच्या देशव्यापी विश्लेषणात माणसाच्या मोडतोडीचा परिणाम वणव्याच्या तीन ते चार पट निघाला. कारण उघड आहे. वणवा लायकेन खातो, पण मागे खोडांचा पसारा ठेवतो, जळक्या-न जळक्या जागांची ठिगळं ठेवतो आणि सरळ रस्ता बनवत नाही. या प्राण्याने हजारो वर्षं वणव्यांसोबत काढली आहेत. तो जळक्या भागातून उठून बाजूच्या जुन्या भागात जातो. बाजूला जुना भाग शिल्लक असेल तर. वणवे वाढणार, हे मान्यच. म्हणूनच ‘बाजूचा जुना भाग’ तोडीच्या आराखड्यातून बाहेर काढायला हवा. हवामानाची भीती खरी मानणाऱ्याने खरं तर हीच मागणी करायला हवी.

या मांडणीला सगळ्यात मोठा धक्का बसतो तो हरणाकडून, आणि तो टाळून पुढे गेलो तर लबाडी होईल. पांढऱ्या शेपटीचं हरीण मुळात दक्षिणेचं. खोल बर्फात त्याचे बारीक पाय रुततात आणि लांब हिवाळ्यात ते उपाशी मरतं. अल्बर्टात ते उत्तरेला का पसरलं, याचा शोध घेणाऱ्या २०१६ च्या अभ्यासाने पहिला क्रमांक हवामानाला दिला, जमिनीच्या वापराला दुसरा. २०२४ मध्ये अल्बर्टा-सस्कॅचेवान सीमेच्या दोन्ही बाजूंना कॅमेरा ट्रॅप लावून केलेल्या अभ्यासातही तेच दिसलं. अल्बर्टाच्या बाजूला मोडतोड कितीतरी जास्त, तरी हरणाची दाटी ठरवण्यात हिवाळ्याच्या कडकपणाचा वाटा मोठा निघाला. हरीण आलं की लांडगे वाढतात. शिवाय पूर्वेकडच्या हरणांबरोबर मेंदूत शिरणारा एक सूत्रकृमी येतो. गोगलगायींमार्फत तो पसरतो; हरणाला त्याचं काही होत नाही, कॅरिबू मात्र लुळा पडून मरतो.

यातून काही जण असा अर्थ काढतात की जंगल दुरुस्त करण्यात पैसे घालणं फुकट आहे, हरीण तर येणारच. हा अर्थ चुकीचा आहे, पण त्यातला बोचरा भाग स्वीकारायला हवा. दक्षिणेच्या वावरक्षेत्रांत नुसती झाडं लावून हरीण मागे हटणार नाही. तिथे हरणाची आणि मूसची शिकार मोकळी करावी लागेल, आणि बराच काळ लांडग्यांवरही नियंत्रण ठेवावं लागेल. इथवर ठीक. पण हरणांची संख्या हा गणिताचा एकच आकडा आहे. लांडगा आणि कॅरिबू यांची गाठ किती वेळा पडते, हा दुसरा. तो पट्ट्यांवर ठरतो आणि पट्टे आपल्या हातात आहेत. सौम्य हिवाळा कुठल्याच वनाधिकाऱ्याला रद्द करता येत नाही. दुष्काळाचा दोष पावसाला देऊन पाणलोटाचं काम थांबवावं, तसा हा युक्तिवाद आहे. आपल्याकडे तो ऐकलेला आहे.

मग जमिनीवर नेमकं काय करायचं? इथे ‘६५ टक्के’ या आकड्याशी गाठ पडते. २०१२ च्या धोरणाने ठरवलं की वावरक्षेत्राचा किमान ६५ टक्के भाग शाबूत असावा. तसा असेल तर कळप स्वतःच्या बळावर टिकण्याची शक्यता ६० टक्के. म्हणजे सरकारने ठरवलेली किमान पातळी गाठली तरी दहातले चार वेळा नापास. तो ध्येयाचा आकडा नव्हताच, त्याखाली जाऊ नये असा होता. झालं उलटं: ६५ टक्के राखले की उरलेलं ३५ टक्के तोडायला मोकळं, असा तो वाचला जातो. आणि अल्बर्टाच्या एकाही बोरिअल वावरक्षेत्रात २०१२ मध्ये तेवढाही भाग शाबूत नव्हता. लिटल स्मोकी क्षेत्रात ९५ टक्के मोडतोड होती.

मोजणी कशी होते तेही समजून घ्यायला हवं, कारण पैसा वाया जातो तो इथे. माणसाने केलेल्या प्रत्येक खुणेभोवती ५०० मीटरचा पट्टा बिघडलेला धरतात. ६ मीटर रुंद सिस्मिक लाइनचा एक किलोमीटर प्रत्यक्षात ०.६ हेक्टर व्यापतो. दोन्ही बाजूंचे ५०० मीटर धरले की तो १०० हेक्टर होतो. एक किलोमीटर अंतरावर समांतर पट्टे पाडले तर सगळं क्षेत्र बिघडलेलं. आता समजा पट्टे २०० मीटरवर आहेत आणि तुम्ही पाचांतले चार पट्टे मेहनतीने बुजवलेत. कागदावर आणि कॅरिबूच्या लेखीही फारसा फरक पडत नाही, कारण पाचव्या पट्ट्याचं सावट सगळ्यावर आहे आणि लांडग्याला एक वाट पुरते. म्हणून दुरुस्ती विखुरलेली करून चालत नाही. एक पाणलोट, एक दलदलीचा तुकडा घ्यायचा आणि त्यातले सगळे पट्टे, एकूण एक, बंद करायचे. प्रत्यक्षात कंपन्या आपापल्या परवान्याच्या चौकटीत, सोयीच्या रस्त्याजवळचे पट्टे निवडतात. किलोमीटरचा आकडा अहवालात छान दिसतो. उलट बाजूने, आजकाल २-३ मीटर रुंदीचे अरुंद पट्टे पाडतात. ते उपग्रहाच्या चित्रात दिसत नाहीत म्हणून मोजणीत येत नाहीत. अगदी अरुंद, वळणावळणाचे पट्टे लवकर भरतातही, पण ‘दिसत नाही’ आणि ‘नाही’ यांत फरक आहे.

पट्टा बुजवणं हे वृक्षारोपणाच्या फोटोइतकं सोपं नाही. दलदलीतला पट्टा आपोआप भरत नाही. अल्बर्टातल्या एका जुन्या पाहणीत पस्तीस वर्षांनंतर जेमतेम ८ टक्के पट्ट्यांवर निम्म्याहून जास्त झाडोरा आला होता. कारण यंत्र गेल्यावर पीट दबतं, त्यातले उंचसखल चढउतार सपाट होतात आणि पाणी पृष्ठभागाशी येतं. स्प्रूसचं बी पडतं ते पाण्यात, आणि कुजतं. तेव्हा आधी उंचवटे परत बनवायचे. पीट गोठलेलं असताना एक्स्कॅव्हेटर आत न्यायचा, बकेटभर पीट उचलून शेजारी उलटं टाकायचं, वरून दाबायचं. हेक्टरी काही शे ते हजारावर ढीग. ढिगाच्या माथ्यावर किंवा खांद्यावर ब्लॅक स्प्रूस किंवा टॅमरॅकचं रोप. मधल्या जागेत कडेची काही झाडं आडवी वाकवायची, खोडं पसरायची, म्हणजे रोपं वाढेपर्यंतही चाल मंदावते. खर्च किलोमीटरला साधारण दहा हजार कॅनेडियन डॉलरच्या घरात.

बिघडतं ते असं. ढीग वरच्या सैल शेवाळाचा केला तर दोन उन्हाळ्यांत बसतो आणि रोप पुन्हा पाण्यात. पीटचा थर पातळ असताना बकेट खोल घातली तर खालची चिकणमाती वर येते आणि त्यावर विलो-बर्च माजतात, म्हणजे मूसला आमंत्रण आपणच दिलं. पट्ट्याच्या तोंडाशी अडथळा नाही केला तर पुढच्याच हिवाळ्यात स्नोमोबाइल आणि क्वाड (रानात चालणाऱ्या छोट्या चारचाकी गाड्या) रोपांवरून जातात. ही सगळ्यात साधी आणि सगळ्यात जास्त होणारी चूक. आणि समजा सगळं नीट झालं, तरी दलदलीतलं स्प्रूस कूर्मगतीने वाढतं. पट्ट्यावरची वाढ अर्ध्या मीटरपेक्षा उंच झाली की लांडग्याचा वेग कमी होऊ लागतो, असं गळ्यात जीपीएस कॉलर घातलेल्या लांडग्यांवरून कळलं आहे. त्या अर्ध्या मीटरची वाट पाहण्यातच वर्षानुवर्षं जातात.

ही मधली वर्षं कळपाने कशी काढायची? इथे लांडगे मारण्याचा प्रश्न येतो. लिटल स्मोकीत २००५-०६ च्या हिवाळ्यापासून हेलिकॉप्टरमधून गोळ्या घालून लांडगे मारले जाऊ लागले; स्ट्रिकनिन या विषाचं आमिषही वापरलं गेलं. २०१४ मधल्या अभ्यासात कळपाची घसरण थांबलेली दिसली, वाढ नाही. दरम्यान तिथलं जंगल काही शाबूत झालं नाही. थांबवलं की घसरण पुन्हा सुरू, चालू ठेवलं की दर हिवाळ्याला तेच. याला संवर्धन म्हणणं जड जातं. दुसरं टोक ब्रिटिश कोलंबियातल्या क्लिन्से-झा कळपाचं. हा डोंगराळ गटातला आहे, बोरिअल नाही, पण धडा लागू पडतो. वेस्ट मोबर्ली आणि सॉल्टो या फर्स्ट नेशन्सनी, म्हणजे तिथल्या मूळ रहिवासी समुदायांनी, लांडग्यांवर नियंत्रण आणि गाभण माद्यांसाठी पहाऱ्यातलं कुंपण, दोन्ही एकदम चालवलं. २०१३ मधले ३८ कॅरिबू २०२१ मध्ये १०१ झाले. त्याचबरोबर २०२० मध्ये केंद्र आणि प्रांत सरकारांशी करार करून मोठा मुलूख तोडीपासून वाचवला. तिथे लांडगा मारणं हा एका कामाचा भाग होता, पूर्ण काम नव्हे. क्वेबेकमध्ये याच्या उलट दिसतं. व्हाल-दोरचा कळप २०२० पासून आणि शार्लव्हाचा २०२२ पासून बंदिस्त कुंपणात आहे आणि बाहेरच्या जंगलाचा वाद मिटता मिटत नाही. २०२४ मध्ये केंद्राला आणीबाणीच्या आदेशाची तयारी करावी लागली. कुंपणातला कॅरिबू आकडा म्हणून जिवंत असतो.

म्हणून लांडगे मारायचा परवाना त्या वर्षी त्या क्षेत्रात किती किलोमीटर पट्टे सलगपणे बंद झाले आणि नवे किती पडले नाहीत, यावर बांधायला हवा. किलोमीटर नाहीत तर गोळी नाही. हे कठोर वाटेल, पण आजची व्यवस्था लांडग्याच्या जिवावर तोडीला मुदतवाढ देते.

हवामानाचा अंदाज कामाला यायला हवा तो क्रम लावताना. दक्षिणेची जी क्षेत्रं पुढच्या पन्नास वर्षांत हरणाची होणार आहेत तिथे एक हिशेब. उत्तरेच्या ज्या दलदली थंड आणि ओल्या राहण्याची शक्यता जास्त, तिथे वेगळा. तिथे दुरुस्तीची गरजच पडू नये, म्हणजे आधी मोडूच नये. याची परीक्षा ओंटारिओच्या उत्तरेला जेम्स उपसागराच्या सखल प्रदेशात होणार आहे. रिंग ऑफ फायर नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या भागात क्रोमाइट आणि निकेल सापडलं आहे आणि तिथवर रस्ते न्यायचे प्रस्ताव आहेत. निकेल विजेच्या गाड्यांच्या बॅटऱ्यांना लागतं, म्हणजे रस्ता हवामानाच्याच नावाने मागितला जातो. वेबेक्वी आणि मार्टन फॉल्स या तिथल्या फर्स्ट नेशन्स रस्त्याच्या अभ्यासात पुढे आहेत, कारण वर्षभर चालेल असा रस्ता त्यांच्या गावांना नाही. बाकीच्या काही समुदायांचा विरोध आहे. त्यांची गरज खोटी ठरवायचा अधिकार शहरात बसलेल्यांना नाही. पण गावाला जोडणारा एक रस्ता आणि त्याला फुटणारे खाणींचे, खडीच्या खदानींचे, वीजवाहिन्यांचे फाटे यांची परवानगी एकाच कागदावर देऊ नये, एवढं तरी मागता येतं. लांडगा पहिल्या रस्त्यावरूनच येतो, आणि ओंटारिओतला अनुभव सांगतो की परिणाम दिसायला वीस वर्षं लागतात. तोवर परवानगी देणारे निवृत्त झालेले असतात.

आणि दक्षिणेच्या पट्ट्यांसाठी वेळ किती आहे, तेही हवामानच ठरवतं आहे. दलदलीत एक्स्कॅव्हेटर जाऊ शकतो तो फक्त पीट खोलवर गोठलेलं असताना, साधारण डिसेंबर ते मार्च. हिवाळा उशिरा धरला की यंत्र जानेवारीपर्यंत रस्त्याच्या कडेला उभं राहतं, आणि मार्चमध्ये लवकर ऊन पडलं की ते आत रुतण्याआधी बाहेर काढावं लागतं. हंगामातला एकेक आठवडा असा गळतो आहे.